धागा: गेममध्ये दुसरं कुणी होऊन खेळताना तुमच्यात खरंच काही बदललं का?

पऱ्हाटीवाला | ९ नोव्हेंबर, रात्री १०:४०

राम राम मंडळी.

मी दारव्हा तालुक्यातला. घरची नऊ एकर कोरडवाहू, पऱ्हाटी म्हणजे कपाशी, आणि तूर. पुण्यात चार वर्षं राज्यसेवेचा अभ्यास केला. दोनदा पूर्व निघाली, मुख्यला राहिलो, आणि गावी परत आलो. पहिलं वर्षभर माणसांशी बोलायचंच टाळलं. पारावर गेलं की "मग, निकालाचं काय?" हे ठरलेलं. पुढे फोन उचलणंही सुटलं. कृषी केंद्रातून दोन बॅगा खत आणायचं तर मनात आधी वाक्य जुळवायचो, आणि आत गर्दी दिसली की दारातूनच परत फिरायचो.

त्या काळात मामेभावाच्या जुन्या कॉम्प्युटरवर जीटीए ५ चा रोलप्ले सर्व्हर हाती लागला. खेळ २०१३ चा, मारधाडीचा, अठरा वर्षांखालच्यांसाठी नाहीच, हे आधीच सांगतो. पण या सर्व्हरवर मारून गुण मिळवायचे नसतात. तिथे एक माणूस व्हायचं, टॅक्सीवाला, मेकॅनिक, वकील, काहीही, आणि माईकवर त्याच माणसाच्या तोंडून बोलायचं. नियम कडक असतात. तुमच्या पात्राला जे कळलेलं नाही, ते तुम्हाला बाहेरून कळलं असलं तरी वापरायचं नाही. त्याला मेटागेमिंग म्हणतात, आणि त्यासाठी हाकलून देतात. कुणी बंदूक रोखली तर तुमच्या पात्रानं घाबरलंच पाहिजे. त्याला फिअर आरपी म्हणतात.

मला सगळ्यात जास्त लागला तो हाच नियम. वर्षभर मी भीती लपवत होतो. इथे हात वर करून "भाऊ, मारू नका, पाया पडतो" असं मोठ्यानं म्हणायचं होतं, आणि नीट घाबरलो म्हणून समोरचा नंतर शाबासकी देत होता.

मी अँब्युलन्सवरचा डॉक्टर झालो. रेडिओवर बोलायची तिथली रीत ठरलेली: आधी जागा, मग जखमी किती, मग शुद्धीवर आहे की नाही. दीड वर्ष रोज रात्री दोन तास मी तेच बोलत होतो. गेल्या उन्हाळ्यात आजी न्हाणीघरात पडली. घरात सगळे ओरडत होते. १०८ ला फोन मी लावला आणि तोंडातून आपोआप निघालं: गाव, फाट्यापासून किती आत, मारुतीच्या देवळामागचं घर, बाई एक, वय ऐंशीच्या वर, शुद्धीवर आहे, डावा पाय हलत नाही. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी वाक्य आधी जुळवलंच नव्हतं.

हे फक्त माझंच झालं का? तुमच्यापैकी कुणी दुसरं कुणी होऊन खेळला असाल, मोबाईलवर, फाशांवर, कशावरही, तर सांगा. तोटा झाला असेल तर तोही सांगा.

---

खामगावकर | १० नोव्हेंबर, सकाळी ७:१५

तुमचं चांगलं झालं, आनंद आहे. पण आमच्या गल्लीतल्या दोन घरांत या गेमपायी शेती गहाण पडायची वेळ आली. पोरं रात्र-रात्र जागतात. त्यात 'व्यक्तिमत्त्व घडतं' हे ऐकलं की त्यांना आणखी एक कारण मिळेल. नाटक करायचं तर गणपतीत करा, मोबाईल कशाला हवा?

---

पऱ्हाटीवाला | १० नोव्हेंबर, सकाळी ८:०२

काका, शेती गहाण पडते ती पैशांच्या गेमपायी. त्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदाच आला. पैसे लावायचे ऑनलाइन गेम बंद, बाकीचे खेळ वेगळे, असा त्यात भेद आहे. मी सांगतोय त्यात पैसे लावणं नाही. रात्रीचं जागरण मात्र तुम्ही बरोबर सांगितलं, मीही जागलो. पहाटे वावरात कामाला जायचं असलं की दुसरा दिवस वाया जायचा. शेवटी अकराला कॉम्प्युटर बंद म्हणजे बंद, असं आईसमोर ठरवलं, तेव्हा कुठं जमलं.

---

वडस्याचा_नट | १० नोव्हेंबर, दुपारी १:३०

गणपतीचं नाटक निघालं म्हणून लिहितो.

मी झाडीपट्टीतला. बावीस वर्षं रंगभूमीवर आहो. दिवाळी झाली की आमचा हंगाम लागते तो होळीपर्यंत चालते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, जिथं मंडई म्हणजे गावची जत्रा अन् शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, तिथं रात्रभर नाटक. यंदाही रोज गाडीतच झोप. आमच्या परशुराम खुणेंना २०२३ ला पद्मश्री भेटली तेव्हापासून बाहेरचे लोक विचारतात, नाहीतर कोणाला माहीत होतं?

आमच्याकडं महिनाभर तालीम नसते. प्रॉम्प्टर बसतो, त्याच्याकडं कान ठेवायचा अन् समोरच्याच्या डोळ्यात पाहून बोलायचं. मी पहिल्यांदा उभा झालो तेव्हा सोळा वर्षांचा होतो, बोलताना अडखळत होतो. मास्तर म्हणत, पोट्टा मुका आहे. मला पाटलाची भूमिका दिली. पाटील अडखळत नसते ना! पाटलाच्या तोंडातून माझं बोलणं सरळ निघालं. घरी आलो की पुन्हा अडखळत होतो. दोन-तीन हंगाम असंच गेलं. मग एक दिवस तांदळाच्या गिरणीवर मोजमापावरून भांडण झालं, तिथं अर्धं पाटलासारखं अन् अर्धं माझं असं काहीतरी बोललो. अजूनही अडखळतो, पण भीत नाही.

पण गा भाऊ, एक गोष्ट कोणी सांगत नाही. रंग उतरवाव लागते. आमचे जुने कलाकार खोबरेल तेल चोळून तोंड पुसायचे, अन् पुसेपर्यंत कोणाशी बोलायचे नाही. मी खलनायक केला त्या वर्षी घाईघाईनं गाडीत चढत होतो, तोंड घरी जाऊन धुवत होतो. महिनाभरात बायको म्हणाली, तुम्ही घरात त्या आवाजात बोलता. मला कळलंच नव्हतं. तेव्हापासून तेल चोळताना मी माझं नाव, गावाचं नाव अन् दोन्ही पोरींची नावं मनात घेतो. तुमच्या त्या गेममध्ये तेलाची बाटली कुठं आहे?

---

वॉर्ड_तीन | १० नोव्हेंबर, सायं. ६:४८

दादा, तेलाचं फार नेमकं लिहिलंत.

मी ग्रामपंचायत सदस्य, आर्वी तालुका. गेम कधी खेळले नाही. पण लहानपणी भुलाबाई बसवायचो, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. गाण्यातली सासू व्हायला मीच पुढे असायची, कारण सासूला सगळ्यांना दटावता यायचं. घरात मला कुणी बोलू देत नव्हतं.

निवडून आले तेव्हा पहिल्या ग्रामसभेत मी एक शब्द बोलले नाही. माझ्या जागी माझे दीर बोलले. मग बचत गटातल्या आम्ही पाचजणींनी मंगळवारच्या बैठकीनंतर खेळ सुरू केला. एक ग्रामसेवक व्हायची, एक ठेकेदार, एक तो मागच्या रांगेतला माणूस जो "बाईले काय समजते" म्हणतो. त्याचं काम करणारी बाई इतकी हुबेहूब करायची की पहिल्यांदा मी खरंच रडले. तिसऱ्या-चौथ्या वेळी उत्तर सुचलं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत नळयोजनेच्या खर्चाचं विचारलं, तेव्हा मागून तसाच आवाज आला. मला तो माणूस दिसलाच नाही, आमची गटातली बाई दिसली. मी उत्तर दिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

आणखी एक. ग्रामसेवक झालेली बाई म्हणाली, "त्याच्या जागी बसल्यावर कळलं, त्यालाही किती जण किती बाजूंनी ओढतात." त्यानंतर आमची त्याच्याशी बोलायची पद्धत बदलली.

---

मनकवडी | १० नोव्हेंबर, रात्री ९:२०

मी वर्धा जिल्ह्यात समुपदेशनाचं काम करते. वॉर्ड तीन ताई, तुम्ही जे केलंत त्याला आमच्याकडे भूमिकांची अदलाबदल म्हणतात. जेकब मोरेनो या मनोविकारतज्ज्ञाची ही पद्धत. जन्म १८८९ चा, बुखारेस्टचा. तरुणपणी व्हिएन्नाच्या बागांमध्ये तो मुलांना गोष्टी सांगायचा आणि त्यांच्याकडून त्या करवून घ्यायचा. त्यातून पुढे सायकोड्रामा उभा राहिला. मोरेनो १९७४ मध्ये गेला आणि त्याच वर्षी अमेरिकेत डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पहिला मोठा रोलप्ले खेळ छापून आला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण मला हा योग फार आवडतो.

पऱ्हाटीवाला, तुमच्या प्रश्नाला अभ्यासांतून मिळणारं उत्तर थोडं आहे, पण आहे. २०१७ मध्ये चार आणि सहा वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मुलांना दहा मिनिटं एक कंटाळवाणं काम दिलं, शेजारी मजेदार गेम ठेवला, हवं तेव्हा उठून खेळा म्हणाले. काही मुलांना सांगितलं, तू बॅटमन आहेस, अधूनमधून स्वतःला विचार, "बॅटमन मेहनत करतोय का?" कामाला सगळ्यात जास्त चिकटून राहिली ती हीच मुलं. "मी मेहनत करतोय का?" असं विचारणारी सगळ्यात आधी उठली. स्वतःपासून पाऊलभर बाजूला होऊन पाहिलं की चिकाटी वाढते, असा त्याचा अर्थ लावतात.

दुसरा अभ्यास २००७ चा, निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांचा. आभासी जगात ज्यांना उंच शरीर मिळालं, त्यांनी पैसे वाटून घेण्याच्या बोलणीत जास्त ताणून धरलं. म्हणजे पात्राचा रंग माणसाला लागतो. चांगला लागतो तसा वाईटही लागतो, म्हणून नटदादांचा तेलाच्या बाटलीचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

डेन्मार्कमध्ये होब्रो इथे ओस्टरस्कोव्ह नावाची निवासी शाळा २००६ पासून विषयच रोलप्लेमधून शिकवते. आपल्याकडे इतकी लांबची उदाहरणं लागू नयेत. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या माणसालाच प्रश्न विचारायचे आणि त्याच्या तोंडून उत्तर काढायचे. ऐकणारा तिथे उगीच बसून राहू शकत नव्हता. ऐकलेलं विसरतं, पण स्वतःच्या तोंडून निघालेलं राहतं, हे मी रोजच्या कामात पाहते.

---

रात्रपाळी_२७ | ११ नोव्हेंबर, रात्री १२:५५

तोटा सांगा म्हणालात म्हणून लिहितो.

मी बुटीबोरीत कारखान्यात, रात्रपाळी. रोलप्ले सर्व्हरवर एका टोळीचा दादा होतो. चाळीस लोक मला "भाई" म्हणायचे. कारखान्यात सुपरवायझर मला नावानंही हाक मारत नाही. हळूहळू सुट्टीच्या दिवशी गावी मेहकरला जाणं बंद झालं, कारण तिथे मी कुणीच नव्हतो. टोळीत फूट पडली, गेममध्ये माझ्या माणसानं मला फसवलं. मी तीन दिवस जेवलो नाही. खरंच जेवलो नाही. तो मुलगा मला खाजगीत म्हणाला, "भाऊ, माझ्या पात्रानं केलं, मी नाही." मला ते कळत होतं, पण आत उतरत नव्हतं.

वर्ष झालं, बंद आहे. आठवण येते. पऱ्हाटीवाला डॉक्टर झाला आणि मी दादा झालो, फरक तिथेच पडला असेल का?

---

मनकवडी | ११ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

इतकं सरळ लिहिलंत, आभार. याला रोलप्ले खेळणाऱ्या मंडळींत 'ब्लीड' म्हणतात, आपण झिरपणं म्हणू. पात्राचं दुःख खेळणाऱ्यात झिरपतं आणि खेळणाऱ्याचं पात्रात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, जीव लावून खेळणाऱ्या प्रत्येकाला कमी-जास्त होतंच.

दादा होणं वाईट असं मी म्हणणार नाही. डॉक्टर होऊनही माणूस अडकू शकतो. मला फरक दिसतो तो असा: पऱ्हाटीवाल्याच्या पात्रानं त्याला बाहेरच्या जगात लागणारी एक गोष्ट शिकवली आणि ती वापरायची वेळही आली. तुमच्या पात्रानं तुम्हाला मान दिला, पण तो मान सर्व्हरच्या बाहेर आणता येत नव्हता. चाळीस माणसं सांभाळायचं, त्यांची भांडणं मिटवायचं कसब मात्र तुमचंच होतं, पात्राचं नव्हतं. ते गेलेलं नाही. सध्या जेवण-झोप ठीक नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलतात.

---

नेरची_माय | ११ नोव्हेंबर, दुपारी ३:२५

मी पयल्यांदा लिहून रायली. चुकलं तर सांभाळून घ्या.

माहं पोरगं अकरावीत हाय. त्याचे बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून तो घरात हो-नाई एवढंच बोलते. पण रात्री मोबाईलवर बसचा गेम खेळते, त्यात आपली लाल एसटी चालवते. तीन-चार पोट्टे फोनवर असतात. कोनी कंडक्टर, कोनी दुसऱ्या गाडीवर. हा ड्रायव्हर. ते त्याले काका म्हनतात. तो आवाज जाड करून बोलते, "चला, कारंजा उतरणारे पुढं या." दाराआडून आयकलं अन् माह्या आंगावर काटा आला. तो आवाज त्याच्या बाबांचा हाय. तसेच बोलायचे ते.

मोबाईल काढून घेऊ का? भाऊ म्हनते काढून घे. मले समजत नाई.

---

वडस्याचा_नट | ११ नोव्हेंबर, दुपारी ३:५०

माय, काढून घेऊ नका. माझ्या बापाची चाल मी तीन नाटकात चाललो, तो गेला त्या वर्षी. मला तेवढंच करता येत होतं.

---

मनकवडी | ११ नोव्हेंबर, सायं. ५:०५

ताई, नटदादांशी मी सहमत आहे. तुमचा मुलगा मुका झालेला नाही. बोलायला त्यानं एक जागा शोधली आहे, आणि ती इतर मुलांसोबतची आहे, एकट्याची नाही. तीन गोष्टी सांगते.

त्याला "तू बाबांसारखा बोलतोस" असं आत्ताच म्हणू नका. कदाचित त्याला ते माहीत असेल, कदाचित नसेल. ते त्याचं त्याला उमगू द्या. मोरेनोच्या पद्धतीत रिकाम्या खुर्चीवर गेलेल्या माणसाला बसवून त्याच्याशी बोलायला लावतात, पण तिथे शिकलेला माणूस हजर असावा लागतो. घरी करून पाहायची ती गोष्ट नाही.

गेमबद्दल विचारा, मोबाईलबद्दल नको. "किती वेळ बसतोस" विचारलं की दार बंद होतं. "आज कुठली गाडी होती" विचारलं तर कदाचित उघडेल.

आणि झोप, जेवण, कॉलेज यांतलं काही सुटायला लागलं किंवा तो जिवाला नको असं काही बोलला, तर वाट पाहू नका. १४४१६ तुमच्यासाठीही आहे, फक्त त्याच्यासाठी नाही.

---

खामगावकर | ११ नोव्हेंबर, रात्री ८:३०

पहिल्या प्रतिक्रियेत मी सगळ्याच खेळांना एका दावणीला बांधलं. ताईंचं वाचून वाईट वाटलं. पऱ्हाटीवाला, गावच्या पोरांसाठी मोबाईलशिवाय असं काही करता येतं का? आमच्या वाचनालयाची खोली रिकामी असते.

---

पऱ्हाटीवाला | ११ नोव्हेंबर, रात्री ९:४५

येतं काका, आणि मी तेच करतोय. मूळ पोस्टमध्ये लिहायचं राहिलं. रविवारी चार ते सहा, आमच्या गावच्या वाचनालयात, सातवी ते दहावीची सात पोरं-पोरी. डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या खेळाला लागणारी इंग्रजी पुस्तकं आणि वीस बाजूंचा फासा कुठून आणणार? लुडोचा फासा घेतला. वहीच्या पानावर चार रकाने: दम, डोकं, हात, जीभ. आठ गुण हवे तसे वाटायचे, एका रकान्यात चारच्या वर नाही. फासा टाकायचा, त्यात रकान्याचे गुण मिळवायचे. सोप्या कामाला पाच, अवघडला सात, फारच अवघडला नऊ.

फासा पडला नाही की "झालं नाही, बस खाली" असं म्हणायचं नाही, हा एकच नियम मी कधी मोडू देत नाही. झालं नाही, तर मग काय झालं, ते सांगायचं. दोन वेळा मुख्यला राहिल्यावर मला हे कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात गोष्ट होती तुरीत वाघ बसल्याची. आमच्या भागात ही गोष्ट रचावी लागत नाही. एक मुलगी वनरक्षक झाली होती. वर्गात हात वर न करणारी. जमलेल्या लोकांना मागे हटवायचं होतं, जिभेचे गुण दोन, फासा पडला एक. लोक ऐकेनात. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मी लोकांशी बोलतच नाही. मी त्यांच्या ढोरांना सोडून गावाकडे हाकलते. ढोरांमागं ते येतीलच." सगळे टाळ्या वाजवत होते आणि ती मात्र पुढचा फासा मागत होती.

संपल्यावर पंधरा मिनिटं आम्ही गोल बसतो. प्रत्येकानं आधी पात्राचं नाव घेऊन एक वाक्य बोलायचं, मग स्वतःचं नाव घेऊन एक. ही आमची तेलाची बाटली, नटदादा. मला ते तसं सुचलं नव्हतं, तुमचं वाचल्यावर कळलं की आपण हे कशासाठी करतो.

काका, एका रविवारी या. वही दाखवतो.

---

रात्रपाळी_२७ | १२ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

चाळीस माणसं सांभाळणाऱ्याला सात पोरं देता येतील का? मेहकरला महिन्यातून दोनदा जातो म्हटलं तर.

---

पऱ्हाटीवाला | १२ नोव्हेंबर, सकाळी ६:४१

भाऊ, आजच खाजगीत नंबर पाठवतो.

---

नेरची_माय | २४ नोव्हेंबर, रात्री ८:१०

तुमी सांगतलं तसं इचारलं, आज कोनती गाडी होती. दोन दिवस काई बोलला नाई. तिसऱ्या दिवशी म्हने, यवतमाळ-अकोला. मी म्हटलं, मले बसू देशील का गाडीत? त्यानं मले प्रवासी केलं. दारव्ह्याचं तिकीट मागायचं होतं, मी घाबरून नेरचंच मागतलं. ते सारे पोट्टे हसले, तोही हसला. मंग मोबाईल ठेवून त्यानं मले अर्धा तास समजावून सांगतलं, गाडी कशी चालते, कोन कोन असते, कोनाले काय म्हनायचं.

काल कापूस येचायले वावरात आला. दोन वर्षांत आला नव्हता. दुपारी धुऱ्यावर भाकर खाताना म्हने, बाबा कांदा बुक्कीनं फोडायचे ना? मी म्हटलं हो. मंग त्यानं फोडला. डोळ्यात पानी आलं त्याच्या, कांद्याचंच असंल.

पऱ्हाटीवाले भाऊ, रविवारी तो दारव्ह्याच्या गाडीनं येतो म्हनते. खरीखुरी एसटी. साडेतीनले पोचंल. फाट्यावर कोनी उभं रायलं त बरं होईल.